माळावर काय पाहायचे?

पिंपरी-चिंचवड परिसरातील एखाद्या कारखान्याची, सहकारी बँकेची किंवा शिक्षणसंस्थेची स्मरणिका उघडावी. पहिल्या दोन-तीन पानांत एक वाक्य हटकून भेटते. पूर्वी येथे ओसाड माळरान होते, असे ते वाक्य. त्यानंतर संस्थापकांची दूरदृष्टी, भूमिपूजन, पहिली शेड असा क्रम लागतो. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग भोसरी, आकुर्डी, तळवडे आणि अखेरीस चाकण. दर टप्प्याला हेच वाक्य नव्याने लिहिले गेले. वृत्तपत्रांनी त्याला 'माळरानावर फुलवले नंदनवन' या मथळ्याची जोड दिली. डाळिंबाची बाग असो, अभियांत्रिकी महाविद्यालय असो की मोटारींचा कारखाना, नंदनवन फुलण्याआधी माळ ओसाड असावाच लागतो. मराठी गद्यात या शब्दाला 'ओसाड', 'उजाड', 'भकास' यांखेरीज दुसरे विशेषण क्वचितच मिळते. 'माळ भरलाय', 'माळ हिरवा झालाय' असे म्हणणारे लोक आहेत. पण ते स्मरणिका लिहीत नाहीत.

हा शब्द आमच्या वाटेत आडवा आला तो केनियात.

आम्ही म्हणजे चिंचवडला राहणारे, मराठी शिकवण्यात उभी हयात घालवलेले दोघे. ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही मासाई मारा पाहायला गेलो. आपल्या औद्योगिक पट्ट्यातून तेथे जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. पूर्वी निवृत्त झाल्यावर काशी-रामेश्वर होई; आता ज्यांना परवडते ते एकदा तरी 'मारा' करून येतात, आणि सोसायटीच्या सभागृहात त्यांची छायाचित्रे पाहावी लागतात. मुंबईहून सहा-एक तासांत विमान नैरोबीला उतरते. सहलप्रमुख मराठी बोलतो, गाडीत लोणच्याची बरणी असते, आणि रात्री तंबूत गरम पाण्याची पिशवी मिळते, कारण विषुववृत्ताजवळ असूनही दीड हजार मीटरवरच्या त्या पठारावर ऑगस्टमध्ये चांगलीच थंडी पडते.

आमच्यासोबत आमचे शेजारी आबा होते. भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षे लेथ चालवली. गाव इंदापूर तालुक्यात. वडील मेंढरे राखत. आबा आयटीआय करून इकडे आले ते इकडचेच झाले. लेक हिंजवडीला नोकरी करते, तिने वडिलांचे तिकीट काढले. आईने विमानात बसायला साफ नकार दिला, म्हणून आबा एकटे, आणि म्हणून आमच्या गाडीत.

मारा हे राखीव क्षेत्र १९६१ साली झाले. क्षेत्रफळ सुमारे १,५१० चौरस किलोमीटर. दक्षिणेला टांझानियाचे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान त्याला लागूनच आहे, आणि बारा-तेरा लाख वाइल्डबीस्ट पावसामागून, म्हणजे कोवळ्या गवतामागून, या दोन्ही प्रदेशांत वर्षभर फिरत असतात. हे आकडे जाण्याआधी वाचले होते. तेथे पोहोचल्यावर पहिल्या दिवशी प्राण्यांच्याही आधी अंतर दिसले. चिंचवडमध्ये नजर समोरच्या इमारतीवर जाऊन थांबते. तेथे ती थांबायलाच तयार होत नाही. जवळ टोपी जातीची हरणे, त्यांच्या मागे झेब्रे, त्याहून मागे एका ओळीत हत्ती, आणि अगदी क्षितिजाशी धुरासारखी एक रेघ, जी दुर्बिणीतून पाहिल्यावर वाइल्डबीस्टचा कळप निघते. एकाच दृश्यात इतक्या निरनिराळ्या अंतरांवर इतके जीव एकाच वेळी चरत असतात, ही गोष्ट कोणत्याही छायाचित्रात येत नाही. छायाचित्राला एक प्राणी निवडावा लागतो.

आमच्या गटातील बहुतेकांनी निवड आधीच केलेली होती. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा हे 'बिग फाइव्ह'. हा शब्दप्रयोग मुळात शिकाऱ्यांचा. पायी शिकार करायला सर्वांत अवघड आणि धोक्याचे पाच प्राणी. बंदूक गेली, यादी राहिली. बिनतारी यंत्रावर कुणी 'सिंबा' म्हटले की सगळ्या गाड्या तिकडे वळत. एका झोपलेल्या सिंहिणीभोवती आम्ही चौदा गाड्या मोजल्या. तिने एकदा डोळा उघडला, चौदा गाड्यांतून एकदम कॅमेऱ्यांचे आवाज झाले, आणि तिने डोळा मिटला. तसा आम्हीही फोटो काढला; तो बरा आला आहे.

मारा नदीच्या काठावर तीन तास बसलो. वाइल्डबीस्ट हजारोंनी काठाशी येत, पुढचे थांबत, मागचे रेटत, धूळ उडे, आणि एकाएकी सगळा कळप मागे फिरे. असे चार वेळा झाले. नदी त्यांनी ओलांडली नाहीच. गटातले लोक हिरमुसले. आबा मात्र रंगून गेले होते. "मेंढरंबी अशीच," ते म्हणाले. "एक उतरलं की समदी उतरत्यात. पयलं उतराय कुणी तयार नसतं. आमचा बाप मग एक बकरं धरून पाण्यात घालायचा."

शब्द आडवा आला तो दुसऱ्या दिवशी. राखीव क्षेत्रात गाडीतून उतरायला बंदी असते. ठरावीक जागी, जेवणापुरते उतरू देतात. एका झाडाखाली आम्ही डबे उघडले. आबा वाकून पायमोज्यातून काहीतरी उपटत होते. त्यांनी ते तळहातावर घेऊन आमच्यापुढे धरले. "सर, ही कुसळी हाय. आपलीच." काळसर, पीळ पडलेले, टोकदार कुसळ. पुढे घरी येऊन पडताळले, आबांचे बरोबर होते. कुसळी गवत आफ्रिकेपासून आपल्या दख्खनपर्यंत एकच आहे. माऱ्यातले ते प्रसिद्ध तांबूस गवतही भारतात उगवते. तेथील माळावर उभे राहणारे एक काटेरी झाड म्हणजे आपल्याकडचे हिंगणबेट. बाभळीचे भाऊबंद तर दोन्हीकडे. आबांना हे सारे बोटांना आधी कळले होते.

आमचा वाहनचालक मासाई होता, चाळिशीचा, मोजके बोलणारा. आबांचे आणि त्याचे काहीतरी जुळले होते. दोघांचेही वडील जनावरांमागे फिरलेले. त्याने इंग्रजीतून आम्हांला विचारले, यांच्या गावाकडे काय आहे? आम्ही आबांना विचारले. आबा म्हणाले, "आमच्याकडं काय न्हाई. नुसता माळ."

हे इंग्रजीत कसे सांगायचे? कोशातला पहिला अर्थ ओठांवर आला तो पडीक, नापीक जमिनीचा. तो सांगितला असता तर आबांच्या गावाचे वर्णन झाले असते, पण आबांच्या हातातल्या कुसळीचे झाले नसते. मैदान म्हणावे तर डोळ्यांपुढे क्रिकेट येते. चराऊ रान म्हणावे तर ते कुणीतरी राखलेले कुरण वाटते. शेवटी आम्ही म्हणालो, अगदी असेच आहे, प्राणी तेवढे कमी. तो हसला. म्हणाला, सेरेंगेटी हे नाव आमच्या भाषेतल्या 'सिरिंगेट'वरून आले. जमीन जेथे संपत नाही अशी जागा. आणि 'मारा' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, दुरून झाडे ठिपक्यांसारखी दिसतात म्हणून. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. तुमचे प्राणी कुठे गेले?

मासाईंच्या भाषेतला माळ जगभरच्या जाहिरातींत पोहोचला आणि मराठीतला माळ स्मरणिकेच्या पहिल्या वाक्यात अडकून पडला, हे काही शब्दांच्या नशिबाने झाले नाही. परत आल्यावर काही महिने आम्ही याच नादात होतो, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यात रस वाटावा असे बरेच हाती लागले.

सर्वांत आधी 'जंगल'. आज जंगल म्हटले की ताडोबा, मेळघाट, दाट सावली असे चित्र उभे राहते. शब्द मात्र 'जांगल' या संस्कृत शब्दावरून आलेला, आणि चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत जांगल देश म्हणजे नेमके याच्या उलट: कोरडा, मोकळ्या आकाशाचा, विरळ काटेरी झाडांचा, हरणांचा प्रदेश. पाणथळ, दाट झाडीचा तो आनूप. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने या जोडीवर १९८२ साली आख्खे पुस्तक लिहिले. मनुस्मृतीने राजाला राहायला जांगल देश सांगितला आहे, आणि काळवीट जेथे आपसूक वावरतो तो देश यज्ञाला योग्य ठरवला आहे. स्मृतिकारांच्या बाकीच्या मतांबद्दल येथे बोलायचे कारण नाही. पण त्यांना भूप्रदेश ओळखता येत होता आणि त्याची खूण म्हणून त्यांनी माळावरचे हरीण निवडले, हे महत्त्वाचे. म्हणजे मूळचे जंगल हाच माळ. पुढे शब्द झाडीत शिरला, आणि माळाला नाव उरले ते काही नसल्याचे.

महसूल खात्याने ते नाव पक्के केले. ज्या जमिनीवर धारा बसत नाही ती पड. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असा रकाना असतो; पिकाऊ क्षेत्राच्या पोटात असलेला खराब भाग. इंग्रजांनी घालून दिलेली ही नजर स्वातंत्र्यानंतरही टिकली. २००० साली केंद्र सरकारने उपग्रहचित्रांवरून देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा गवताळ माळांचे मोठमोठे पट्टे त्यात आले. पडीक ठरलेल्या जमिनीचे काहीतरी 'करावे' लागते, हे ओघानेच आले.

या नजरेला एक शास्त्रीय वाटणारा आधारही होता: माळ म्हणजे तुटलेले अरण्य. कधीकाळी येथे दाट रान होते, माणसांनी तोडले, गुरांनी खाल्ले, आणि उरला तो माळ. हे गृहीतक तपासायला २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जो पुरावा काढला, तो वाचून आम्ही चकित झालो. त्यांनी मराठी साहित्य तपासले. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतची संतचरित्रे, स्थळांच्या उत्पत्तिकथा, लोकगीते. त्यांत पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्या ठिकाणी कोणती झाडे-झुडपे उल्लेखिली आहेत, हे त्यांनी नोंदले. चव्वेचाळीस रानटी वनस्पती सापडल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश माळाच्या, मोकळ्या उन्हात वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही येथे माळच होता. 'पीपल अँड नेचर' या परिस्थितिकीच्या शोधपत्रिकेत हा लेख आला. लीळाचरित्र आपण महानुभावांचे गद्य, वाक्यरचना, विभक्तिप्रत्यय यांसाठी वाचतो. चक्रधर कोणत्या झाडाखाली बसले होते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

आधुनिक वाङ्मयाविषयी एक निरीक्षण येथेच नोंदवावे. माणदेशाचा माळ व्यंकटेश माडगूळकरांइतका कुणी आपल्यापुढे उभा केला नाही. 'बनगरवाडी' (१९५५) माळाशिवाय संभवतच नाही. परंतु रानात राहून प्राणी पाहण्याची वेळ आली तेव्हा त्यांचे पुस्तक झाले ते 'नागझिरा'. मारुती चितमपल्लींचे सारे वैभवही विदर्भाच्या झाडीतले. दोघांचे ऋण मोठे आहे, तक्रार कसलीच नाही. पण मराठी वाचकाच्या मनात रान म्हणजे झाडी आणि माळ म्हणजे माणसांच्या हालअपेष्टांची पार्श्वभूमी, ही वाटणी त्यातून घट्ट झाली असे आम्हांला वाटते. दुष्काळाच्या कथेत माळ येतो. निसर्गवर्णनात येत नाही.

वाहनचालकाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र साहित्यात पुरेसे मिळत नाही. प्राणी गेले ते शिकारीने, नांगराने आणि पाटाच्या पाण्याने. चित्ता आपल्याही माळांवर होता. तो इतका विरळ झाला की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर दरबाराला काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवून पाळावे लागले. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. कुनोला २०२२ साली नामिबियाचे चित्ते आले तेव्हा त्याला अभूतपूर्व म्हटले गेले. कोल्हापूरच्या जुन्या चित्तेवानांना ते तसे वाटले नसते. माळढोकाची कथा याहून खिन्न करणारी आहे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात अभयारण्य झाले, ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरांवर, गावेच्या गावे पोटात घेऊन. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले, आणि पक्षी तर त्याआधीच हातावर मोजण्याइतके उरले होते.

मग आपल्याकडे पाहायला उरले काय? हे पाहायला आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये सुप्याला गेलो. नेणारे अर्थात आबा.

चिंचवडकरांना ही वाट नवी नाही. मोरया गोसावी मोरगावहून चिंचवडला आले. पवनेकाठी त्यांची संजीवन समाधी आहे. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते ती आजही. या यात्रेचा भूगोल फारसा कुणी पाहत नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सुमारे दीडशे किलोमीटरांवर बारामतीला पाचशेच्या आसपास. पवनेवरून कऱ्हेवर जाणारी पालखी या उतरंडीवरून चालते. दिवे घाट चढला, सासवड मागे पडले, की झाडे बुटकी आणि विरळ होऊ लागतात, आणि जेजुरीच्या पुढे आकाश एकदम मोठे होते. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला ज्या कऱ्हेचे नाव दिले तिच्यात पाणी शोधावे लागते. मोरगावपासून थोड्या अंतरावर, बारामती तालुक्यातील सुप्याला, मयूरेश्वर अभयारण्य आहे. नाव मोरगावच्या गणपतीचे, स्थापना १९९७ची, राखण चिंकाऱ्याची. क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर. माऱ्याचा हा साधारण तीनशेवा हिस्सा. आपल्या पट्ट्यातील एखाद्या औद्योगिक टप्प्याची जमीनही याहून मोठी भरेल.

पहाटे साडेसहाला गवत पिवळे, दवाने जड झालेले. पहिला अर्धा तास काही दिसले नाही. माऱ्यात प्राणी स्वतःहून दिसतात. येथे माळ पाहणाऱ्याकडून काम करून घेतो. मग आबांनी हात वर केला. वीस पावलांवर, गवताच्याच रंगाचे एक हरीण उभे होते, आणि ते किती वेळ आमच्याकडे पाहत होते कोण जाणे. चिंकारा लहानखुरा असतो, वजन वीस-पंचवीस किलो. तो पळण्याआधी काळी शेपटी झपाझप हलवतो. त्या हालचालीवरून आम्हांला दुसरा दिसला, मग तिसरा, मग लक्षात आले की समोरच्या उतारावर अकरा आहेत. गाडी एकच होती, आमची. माळटिटवीचा आवाज, चंडोलांचे वर चढत जाणारे गाणे. गवतावरून जेमतेम दोन हात उंचीने एक भोवत्या पक्षी झुलत झुलत गेला. हे पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून आपल्या माळांवर येतात. माऱ्याच्या स्थलांतराला जग जमते. हे स्थलांतर सुप्यात घडते तेव्हा खाली फक्त टोळ आणि उंदीर सावध होतात.

दुपारनंतर आम्ही आबांच्या तालुक्याकडे निघालो. वनखात्याने अलीकडच्या वर्षांत इंदापुरातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला माळावरची सफारी सुरू केली आहे, गावातली मुले वाटाड्याचे काम करतात. आमच्या वाटाड्याने लांडग्याचे ठसे दाखवले, तरसाची चुन्यासारखी पांढरी विष्ठा दाखवली, खोकडाचे बीळ दाखवले. लांडगा दिसला नाही. दिसला तो धनगरांचा एक वाडा: मेंढरे, दोन घोडी, जाळीच्या आत कोकरे. एका वयस्क बाईंनी आबांना गाव विचारले, भावकी विचारली, आणि मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "हे काय बघाय आल्यात?" आबा म्हणाले, "लांडगा." बाईंना हसू आवरेना. "आमी त्यो दिसू नये म्हून रातभर जागतो, आन् ह्ये पैसं दिऊन बघाय आल्यात." मग त्याच म्हणाल्या, की नेतो एखादे कोकरू, त्याचाही वाटा असतो. हे बोलण्यात कसलाही भाबडेपणा नव्हता. दोन वाक्यांनंतर त्या भरपाईचे अर्ज किती महिने पडून राहतात, हेही सांगत होत्या.

मासाईंची आठवण येथे येणे साहजिक होते. माऱ्याच्या जाहिरातीत लाल कांबळे पांघरलेला मासाई असतोच, पण १९५९ साली सेरेंगेटी उद्यानातून त्यांना गुरांसह बाहेर जावे लागले होते. माळ राखायचा म्हणजे मेंढपाळ काढायचा, ही चूक आफ्रिकेत करून झालेली आहे. आपल्या माळाचे दैवतविश्वच मुळी मेंढपाळांचे: खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा. गुंथर सोंथायमर आणि रा. चिं. ढेरे यांनी ते उलगडून दाखवले आहे. चराई थांबली की गवतही बिघडते, असे आबांचे मत. वाटाड्याचे मत वेगळे पडले. दोघे अर्धा तास भांडले.

माळाला खरा धोका मेंढरांपेक्षा सदिच्छांचा आहे. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात पन्नास कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. संकल्पाला जागा लागते, आणि रिकामी म्हणून दिसतो तो माळ. गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे ओळीने लावली की खाली गवत मरते. गवतावर जगणारा चिंकारा आणि जमिनीवर घरटे करणारा चंडोल तेथून उठतात. वृक्षारोपणाच्या फलकावर देहूच्या तुकोबांचा झाडांवरचा अभंग असतो. ज्या भंडाऱ्याच्या आणि भामचंद्राच्या डोंगरांवर तुकोबा जाऊन बसत, ते आज चाकणच्या कारखान्यांवरून दिसतात. त्यांच्या सोयऱ्यांत बोर, बाभूळ आणि तरवड किती असतील, याचा शोध एखाद्या विद्यार्थ्याने घ्यावा असे फार वाटते.

बाकीचे धोके डोळ्यांना दिसणारे. पाटाचे पाणी आले तेथे ऊस आला, आणि उसात बिबट्या आला; खेड-जुन्नरकडून तो चाकणपर्यंत पोहोचला, आणि मार्च २०१८ मध्ये तर एका मोटार कारखान्याच्या आवारात शिरला. त्याला पकडेपर्यंत काम थांबले होते. आपल्या कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री माळावर जातात आणि लांडग्यांशी त्यांचा संकर होतो. पुणे परिसरातील अशा संकरित प्राण्यांची जनुकीय खात्री झालेली आहे. विमानतळही आहे. तो आधी चाकण-राजगुरुनगरकडे होणार होता, २०१६ साली पुरंदरला हलवला गेला. २०२५ साली तेथील सात गावांत भूसंपादनाची पावले पडू लागली, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांचे भांडण अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागांसाठी, घरांसाठी आहे. मधल्या माळांसाठी भांडणारा त्यात पक्षकारच नाही. चिंचवडहून नैरोबीला जाणे मात्र त्या विमानतळामुळे सोपे होईल.

आबांकडे आता एक वेगळाच पेच उभा आहे. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी राहिली होती. सातबाऱ्यावर काही एकर जिरायत, थोडी विहिरीवरची बागायत आणि चार एकर पोटखराबा. आबांनी धाकट्या भावाला सांगितले, पिकाऊ सगळे तू घे, खराबा मला दे. भावाला आधी थट्टाच वाटली. त्या खराब्याच्या कडेला, जुन्या ताली­खाली, खोकडाचे बीळ आहे. आबा मे महिन्यात तेथे पहाटे बसून पिल्ले मोजतात. पण याच चार एकरांवर सौर पॅनेल लावायला भाडेपट्टा मागणारे लोक येऊन गेले आहेत. सरकारी योजनेत असा पट्टा हेक्टरी वर्षाला सव्वा लाखाने जातो, त्यात दरसाल वाढ. भावाचा मुलगा चाकणला कंत्राटी कामगार होता, कंत्राट संपल्यापासून घरी बसून आहे. इतकी वर्षे कुणी ढुंकून न पाहिलेल्या तुकड्यातून घर चालू शकते, हे भावाचे म्हणणे आम्हांला खोटे म्हणता येत नाही. आबांनाही म्हणता आलेले नाही.

वाटणीपत्राचा मसुदा आबांनी आमच्याकडे लिहायला आणला. चतुःसीमा लिहून झाल्या. पुढे जमिनीचे वर्णन. भावाने दिलेल्या टिपणात 'पोटखराबा, पड, सौर प्रकल्पास योग्य' असे होते. आबा म्हणाले, ते तसले काही नको, "गवत" लिहा. तलाठ्याच्या रकान्यांत तो शब्द बसत नाही, हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, मग कंसात लिहा. निम्मा तुकडा पट्ट्याने द्यायचा आणि तालीकडचा निम्मा सोडायचा, अशी बोलणी सध्या दोघा भावांत चालली आहेत. सौरवाल्यांना निम्मा चालेल का, हे पाडव्यानंतर कळेल.